वॅक्स केलेली गाडी सारखी धुताय? मग शाम्पू असा निवडा

गाडीला वॅक्स केलं की पहिले काही आठवडे पाण्याचे गोल थेंब बॉनेटवरनं सुसाट पळतात, मग हळूहळू पाणी पसरून बसायला लागतं आणि सगळा दोष वॅक्सवर जातो, डबा बदला, ब्रँड बदला, नाहीतर सरळ सिरॅमिक कोटिंगच (वॅक्सऐवजी लावायचा टिकाऊ थर) करून टाका असे सल्ले सुरू होतात. बऱ्याचदा वॅक्सचा काही दोष नसतो. रोजच्या बादलीत काय पडतंय तिकडं कुणाचं लक्षच नसतं. आपल्याकडं गाडी धुणं म्हणजे महिन्यातनं एखाद्या रविवारी करायचं काम राहिलेलं नाही, पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमधे सकाळी सहापासनं गाड्या पुसणारी माणसं फिरत असतात, रोज ओला कपडा आणि आठवड्यातनं एक-दोनदा साबणाचं पाणी असा ठरलेला हिशोब, पावसाळ्यात त्याहून जास्त. म्हणजे वर्षभरात त्या वॅक्सच्या थरावर साबण पन्नास ते शंभर वेळा फिरतो. एवढ्या वेळा जी गोष्ट गाडीला लागणार ती वॅक्सच्या डब्याइतकीच बघून घेतली पाहिजे असं माझं ठाम मत आहे, आणि ती कशी बघायची तेच इथं सांगतो.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. जो गाडी सारखी धुतो त्याच्या गाडीवरची घाण कायम ताजी आणि हलकी असते, वरवरची धूळ, थोडी रस्त्याची काजळी, एखादा चिखलाचा शिंतोडा, त्यामुळं त्याला ताकदीचा साबण लागतच नाही. ताकदीचा साबण तीन-तीन महिने न धुतलेल्या गाडीला लागतो. तुमच्या साबणाचं काम दोनच, धुळीचा कण ओला करून पेंटवरनं सुटा करायचा आणि हात फिरत असताना तो कण पेंटवर घासला जाऊ नये म्हणून मधे बुळबुळीतपणा ठेवायचा. एवढं करून पाण्याबरोबर पूर्ण निघून गेला की झालं, मागं काही ठेवायचं नाही आणि खालचं काही न्यायचं नाही. दुकानात मात्र आपण नेमकं उलटं बघतो, फेस किती येतो, चकाकी किती देतो, वास कसला आहे, डाग किती जोरात काढतो.

वॅक्स म्हणजे नक्की काय असतं ते थोडं माहीत असलं की साबण निवडणं सोपं जातं. कार्नौबा वॅक्स हे ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढणाऱ्या एका पामच्या पानांवरचं मेण, ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं आणि नुसतं असेल तर इतकं कडक असतं की हातानं गाडीला लावताच येणार नाही, म्हणून डब्यात त्याच्याबरोबर सॉल्व्हंट म्हणजे मेण विरघळवणारा द्रव, तेलं, इतर मऊ मेणं आणि बऱ्याचदा सिलिकॉन मिसळलेलं असतं. पेंटवरचा क्लिअर कोट, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो आणि त्याच्यावर बसलेला वॅक्सचा थर त्याच्यापुढं अगदीच नगण्य. हा थर पेंटशी रासायनिक बंधानं जोडलेला नसतो, नुसता चिकटून बसलेला असतो. म्हणून तेल-तूप सोडवणारी कुठलीही गोष्ट त्यालाही थोडं थोडं सोडवते, अल्कली म्हणजे सोड्यासारखी क्षारीय गोष्ट सोडवते, सॉल्व्हंट तर पटकन सोडवतं, आणि घर्षणानं तो झिजतो. शिवाय ऊन असतंच. नागपूर-चंद्रपूरकडं मे महिन्यात उघड्यावर उभी राहणारी काळी गाडी असेल तर नुसत्या उन्हानंच वॅक्स लवकर जातं, तिथं शाम्पूला दोष देण्यात अर्थ नाही, तिथं आच्छादन किंवा सावली शोधा.

आता लोक प्रत्यक्षात बादलीत काय टाकतात ते बघू.

कपड्याची पावडर सगळ्यात जास्त वापरली जाते कारण ती घरात असते आणि स्वस्त असते. तिच्यात धुण्याचा सोडा असतो, पाण्यात मिसळली की पीएच १० च्या पुढं जातो, आणि पीएच म्हणजे आम्ल-क्षार मोजायची मोजपट्टी, तिच्यात ७ म्हणजे न्यूट्रल, आणि ती अशी आहे की ७ वरनं १० वर जाणं म्हणजे तिप्पट नाही तर हजारपट क्षारीय होणं. वरनं पावडर पूर्ण विरघळत नाही, बादलीच्या तळाला बारीक दाणे राहतात, ते कपड्याला चिकटतात आणि तसेच पेंटवर फिरतात. पैठणी कुणी कपड्याच्या पावडरीत भिजवत नाही ना, तसंच हे. अंगाच्या साबणाची वडी किंवा कपड्याची वडी पाण्यात फिरवणारेही आहेत, तो खरा साबण असल्यानं तोही क्षारीय, आणि बोअरच्या पाण्यात त्याचा पांढरा साका होतो, बाथरूमच्या बादलीच्या कडेला बसतो तोच, तो गाडीवर बसला की काळ्या आणि गडद निळ्या रंगावर लगेच दिसतो.

भांड्यांच्या लिक्विडबद्दल जरा नीट सांगायला पाहिजे कारण दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते. एकदा भांड्यांच्या लिक्विडनं गाडी धुतली म्हणजे सगळं वॅक्स गेलं असं होत नाही, बरीच लिक्विडं पीएचनं न्यूट्रलच्या जवळ असतात कारण ती रोज हाताला लागतात. पण ती बनवलेलीच असतात तव्यावरचं तेल धरून ठेवायला, आणि ओंजळभर फेस देतात तरी हात फिरवायला लागणारा बुळबुळीतपणा त्यांच्यात कमी, भांडं कचकचीत झालं पाहिजे हीच तर आपली तिथं अपेक्षा असते. गाडीला कचकचीत नको असतं. अडीअडचणीला एकदा वापरलं तर आकाश कोसळत नाही, दर आठवड्याला नको. भांड्यांची वडी किंवा पावडर मात्र कधीच नको, एकदासुद्धा नाही, तिच्यात घासायची भुकटी असते, ती सरळ क्लिअर कोटवर रेघा ओढते आणि त्या रेघा पॉलिशिंग केल्याशिवाय जात नाहीत.

केसांच्या शाम्पूचा पीएच सौम्य असतो, त्यामुळं लोकांना वाटतं हे चालेल, पण त्यातली कंडिशनिंगची द्रव्यं केसावर राहायलाच बनवलेली असतात आणि तशीच ती पेंटवर राहतात, त्यावर धूळ बसते. लहान मुलांचा साधा, कंडिशनर नसलेला शाम्पू त्यातल्या त्यात बरा, प्रवासात कुठं दुसरं काही मिळालं नाही तर चिमूटभर वापरा. रिठ्याबद्दल मला बऱ्याचदा विचारतात, कारण आपल्याकडं रेशमी साड्या आणि सोन्याचे दागिने रिठ्याच्या पाण्यानं धुतात. रिठ्यातलं सॅपोनिन खरंच सौम्य असतं, वाद नाही. पण घरी केलेल्या रिठ्याच्या पाण्यात सालीचे कण राहतात, कितीही गाळलं तरी थोडे राहतातच, आणि वाळलं की चिकट तपकिरी थर बसतो. कपडा आपण खळखळून पिळतो, गाडी पिळता येत नाही. म्हणून गाडीला रिठा नको.

आणि डिझेल किंवा रॉकेलचा बोळा. जुन्या गॅरेजमधे गाडी देताना काळे प्लॅस्टिकचे भाग आणि कधी कधी अख्खी बॉडी त्यानं पुसून चमकवून देतात. तो वॅक्सचा सरळ सरळ शत्रू, मेण विरघळवणारं सॉल्व्हंटच आहे ते. सर्व्हिसिंगला गाडी टाकताना जॉब कार्डवर "बॉडीला डिझेल लावू नये, धुलाई नको" असं स्पष्ट लिहून घ्या. सर्व्हिस सेंटरच्या फुकट धुलाईचंही तेच, तिथं दिवसाला कितीतरी गाड्या उरकायच्या असतात म्हणून फोम बऱ्याचदा कडक क्षारीय असतो, आणि वॅक्स केलेल्या गाडीला तो नको. नम्रपणे नको म्हणा, कुणी रागवत नाही.

मग घ्यायचं काय? कार शाम्पूच घ्यायचा, पण त्यातही चार-पाच जाती आहेत आणि बाटल्या सगळ्या सारख्याच दिसतात. तुम्हाला लागणारी जात म्हणजे पीएच न्यूट्रल, वॅक्स-सेफ असं लिहिलेला साधा मेंटेनन्स शाम्पू. मेग्वायर्स, थ्रीएम, सोनॅक्स, टर्टल वॅक्स हे सगळे आपल्याकडं ऑनलाइन आणि ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळतात, देशी कंपन्यांचेही मिळतात, पण ब्रँड बघून घेऊ नका, कारण एकाच ब्रँडच्या दोन बाटल्या अगदी वेगळ्या कामाच्या असू शकतात. एक रोजची, आणि शेजारीच दुसरी जुनं वॅक्स काढायची. बाटलीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. "स्ट्रिप वॉश", "डीप क्लीन", "डीग्रीझर", "ट्रॅफिक फिल्म रिमूव्हर", "प्री-वॉश" असलं काही दिसलं तर ती बाटली परत ठेवा, ती वाईट नाही पण तुमच्या कामाची नाही. "सायट्रस" लिहिलेलं असेल तर नुसता वास आहे का खरंच संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन आहे ते बघा, लिमोनीन हे चांगलं ताकदीचं सॉल्व्हंट आहे, डांबराचे ठिपके काढायला ते वापरतात, वॅक्सवर दर आठवड्याला नको.

बाटलीवर नीट माहिती नसेल तर एक सोपा मार्ग आहे जो फार कमी लोक वापरतात. चांगल्या कंपन्या आपल्या प्रत्येक मालाची सेफ्टी डेटा शीट वेबसाइटवर ठेवतात, ती पीडीएफ उघडायची, तिसऱ्या विभागात घटक असतात आणि नवव्या विभागात पीएच. नवव्यात ६ ते ८ च्या आसपास आकडा दिसला की चांगलं. तिसऱ्यात सोडियम हायड्रॉक्साइड, सोडियम मेटासिलिकेट किंवा ब्युटॉक्सीइथेनॉल ठळकपणे दिसलं की तो शाम्पू रोजचा नाही हे समजून जा. सोडियम लॉरिल इथर सल्फेट आणि कोकामिडोप्रोपिल बीटेन ही नावं दिसली तर घाबरू नका, अंघोळीच्या शाम्पूतही तीच असतात, फेस देणारी नेहमीची जोडी आहे ती. एक मात्र खरं, नुसता पीएच ७ आहे म्हणजे शाम्पू सौम्य झाला असं नाही, न्यूट्रल पीएचचा शाम्पूसुद्धा त्यात सॉल्व्हंट किंवा तेल काढणारं द्रव्य जास्त असेल तर वॅक्स नेऊ शकतो, म्हणून दोन्ही विभाग वाचायचे.

"वॉश अँड वॅक्स" प्रकार लोकांना फार आवडतो, धुता धुता वॅक्सही होतं म्हणून. माझं मत सांगतो, ज्याच्या गाडीवर आधीच चांगलं वॅक्स आहे आणि जो सारखी गाडी धुतो त्यानं हा रोजचा म्हणून घेऊ नये. त्यातलं मेण किंवा पॉलिमर दर धुलाईला एक पातळ थर सोडतं, पाणी नीट खळखळलं नाही तर तो थर डाग-डाग दिसतो, आणि दुसरं म्हणजे तुमचं खरं वॅक्स शिल्लक आहे का गेलं हेच कळत नाही कारण थेंब तर शाम्पूमुळं पडत असतात. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा वापरायला हरकत नाही. सिलिका असलेले "सिरॅमिक शाम्पू" पण तसेच, सिरॅमिक कोटिंगवाल्यांना ते जास्त उपयोगी.

आता पाण्याचा विषय, आणि माझ्या मते निम्मा खेळ इथं आहे. एकच शाम्पू महापालिकेच्या पाण्यात मस्त चालतो आणि वाघोली किंवा हिंजवडीकडच्या टँकरच्या, बोअरच्या पाण्यात पांढरे डाग सोडतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांची, चांगली मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम धरली आहे आणि दुसरा पर्यायच नसेल तर ६०० पर्यंत चालतं असं म्हटलंय, आणि आपल्याकडच्या कितीतरी बोअरचं पाणी या दोन आकड्यांच्या मधे कुठंतरी किंवा वरही असतं. म्हणून शाम्पू घेतला की गाडीला लावायच्या आधी घरी एक प्रयोग करा. प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीत तुमचं गाडी धुवायचं पाणी अर्धं भरा, शाम्पूचे दोन थेंब टाका, जोरात हलवा आणि पाच मिनिटं ठेवून द्या. वर फेस आणि खाली स्वच्छ पाणी राहिलं तर शाम्पू तुमच्या पाण्याला चालतो. खाली पाणी दुधाळ झालं, पांढरी धाग्यासारखी कणी तरंगायला लागली तर त्यात खरा साबण आहे किंवा तो कठीण पाण्यासाठी बनवलेला नाही, तो ठेवू नका. त्याच पाण्यात पीएचची पट्टी बुडवा, मेडिकलमधे नाहीतर शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते, पण आधी साध्या पाण्याचा पीएच बघून ठेवा कारण बोअरचं पाणी स्वतःच ८ च्या आसपास असू शकतं आणि मग दोष शाम्पूचा का पाण्याचा हे कळणार नाही. शेवटी त्या पाण्याचा एक थेंब काळ्या मोबाईल कव्हरवर किंवा स्टीलच्या ताटलीवर वाळू द्या आणि दुसऱ्या बाजूला नुसत्या पाण्याचा थेंब, दोन्ही वाळल्यावर शाम्पूवाला डाग पाण्याच्या डागापेक्षा फार जाड किंवा चिकट दिसला तर तो खळखळून निघायला त्रास देणार.

बुळबुळीतपणा बघायला उपकरण लागत नाही. आमच्याकडं गाडी पुसायला येतात ते दादा आधी म्हणायचे, "साहेब, फेस नाही आला तर गाडी धुतल्यासारखं वाटत नाही." त्यांच्यासमोर दोन मग ठेवले, एकात त्यांची नेहमीची पावडर आणि दुसऱ्यात शाम्पू, दोन्ही त्यांच्याच मापानं. त्यांनी पहिल्यात अंगठा आणि बोट बुडवून चोळलं, मग दुसऱ्यात, परत पहिल्यात, आणि म्हणाले, "हे बोट पकडतंय, हे घसरतंय." त्यात सगळं आलं. घसरणारं पाहिजे. फेस दोन्हीकडं होता, उलट पावडरीचा जास्तच होता, फेस म्हणजे नुसती हवा, तो कण उचलत नाही.

आणि जर गाडी तुम्ही स्वतः धूत नसाल तर शाम्पू निवडण्यापेक्षाही मोठं काम म्हणजे तो बादलीत पडेल असं बघणं. गाड्या पुसणारा माणूस वीस-पंचवीस गाड्या एका बादलीत आणि दोन फडक्यांत उरकतो, पैसे किती मिळतात ते आपल्याला माहीत आहे, त्याच्याकडनं महागड्या शाम्पूची अपेक्षा करणं बरोबर नाही. तुमची बाटली, तुमचे दोन मायक्रोफायबर मिट (हातात घालून गाडी धुवायचे मऊ मोजे) आणि माप म्हणून औषधाच्या बाटलीचं छोटं झाकण त्यांच्याकडं द्या, वर महिन्याला थोडे पैसे जास्त द्या. सगळ्यात महत्त्वाचं, रोजचं ते कोरड्या धुळीवर ओलसर फडकं फिरवणं बंद करायला सांगा. खरं सांगायचं तर वॅक्सचं आणि पेंटचं सगळ्यात जास्त नुकसान त्या रोजच्या पुसण्यानं होतं, सकाळच्या तिरक्या उन्हात बॉनेटवर गोल गोल जाळं दिसतं ते त्याचंच. आमचे दादा आता रोज फक्त काचा पुसतात आणि आठवड्यातनं दोनदा नीट धुतात, त्यांचाही वेळ वाचतो.

माप हा पुढचा मुद्दा. प्रत्येक शाम्पूचं घट्टपण वेगळं, त्यामुळं बाटलीवरचं प्रमाण पाळा, अंदाजे ओतू नका. समजा १० लिटर पाण्याला २५ मिली लिहिलंय, तर एका लिटरची बाटली ४० धुलाया जाते, आठवड्याला एकदा धुतली तर नऊ महिने. त्यामुळं किंमत बाटलीची बघू नका, एका धुलाईला किती पडतात ते काढा, बऱ्याचदा महाग दिसणारा दाट शाम्पू स्वस्तातल्या पातळ शाम्पूपेक्षा कमी पैशात जातो. जास्त ओतला की जास्त स्वच्छ होतं असं काही नाही, जास्त ओतला की खळखळायला पाणी जास्त लागतं आणि मागं थर राहतो. कमी ओतला तर बुळबुळीतपणा जातो आणि ते जास्त वाईट. दोन्हीत निवडायचंच झालं तर थोडा जास्त बरा.

धुण्याची पद्धत थोडक्यात सांगतो, कारण चांगला शाम्पूसुद्धा चुकीच्या हातात वाया जातो. गाडी थंड आणि सावलीत पाहिजे, बॉनेटला हात लावून बघा, चटका बसला तर थांबा. आधी नुसत्या पाण्यानं सगळी सुटी धूळ खाली घालवा, घाई करू नका, जितकी घाण इथं गेली तितकी हाताखाली कमी. दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी मिट धुवायला. वरनं खाली, सरळ रेषेत, दाब न देता. चाकांना वेगळा मिट आणि शक्यतो वेगळी बादली, ब्रेकची लोखंडी धूळ बॉडीवर आणायची नाही. एक-एक भाग धुवून लगेच पाणी मारा, फेस गाडीवर वाळू देऊ नका, सौम्यातला सौम्य शाम्पू पण वाळला की डाग सोडतो. शेवटी मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलनं टिपून घ्या, जुनी बनियन किंवा पंचा नको.

एक गोष्ट जी आपल्याकडं पर्यावरणाच्या चांगल्या हेतूनं बरेच जण करतात, ती म्हणजे आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी साठवून त्यानं गाडी धुणं. हेतू चांगला आहे पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात, कारण फिल्टरनं जे बाजूला काढलं तेच त्यात आलेलं असतं, वाळलं की पांढरे ठिपके बसणारच. ते फरशी पुसायला, संडासात ओतायला वापरा. त्याऐवजी एसीच्या नळीतनं टपकणारं पाणी साठवा, ते हवेतली वाफ थंड होऊन तयार झालेलं असतं म्हणून त्यात क्षार जवळजवळ नसतात. मे महिन्यात रात्रभरात एका बेडरूमच्या एसीखाली अर्धी-पाऊण बादली आरामात जमते. फडक्यातनं गाळून घ्या आणि शाम्पू निघून गेल्यावर शेवटी मारायला तेच पाणी घ्या, फरक गडद रंगाच्या गाडीवर डोळ्याला दिसेल.

पाण्याची टंचाई असेल किंवा सोसायटीत पाइप लावायला बंदी असेल तर रिन्सलेस वॉश हा चांगला पर्याय आहे. हा शाम्पू नाही, पॉलिमर असलेलं द्रव्य आहे, फेस येत नाही आणि नंतर पाण्यानं धुवायचं नसतं. ऑप्टिमम नो रिन्स हे त्यातलं जुनं नाव, प्रमाण एकास २५६, म्हणजे १० लिटर पाण्याला साधारण ४० मिली. हलकी धूळ असेल तर एका बादलीत अख्खी गाडी होते आणि वॅक्सला काही होत नाही. पण चिखल असेल तर हे नको, आधी पाण्यानं चिखल घालवल्याशिवाय काहीच नको. कोकणातनं पावसाळ्यात लाल मातीनं माखून आलेली गाडी किंवा रत्नागिरी, मालवण, गोव्याच्या किनाऱ्यावर दोन-तीन दिवस उभी असलेली खारट वाऱ्यातली गाडी, दोन्हीला आधी भरपूर साधं पाणी, विशेषतः चाकांच्या कमानींत आणि खालनं, मगच शाम्पू.

डाग दिसला म्हणून शाम्पू बदलू नका. पक्ष्यांची विष्ठा, जांभळाचे डाग, झाडाखाली पडलेले चिकट थेंब, डांबराचे ठिपके हे सगळे त्या त्या जागी वेगळे हाताळायचे. विष्ठेवर ओला टिश्यू पाच-दहा मिनिटं ठेवून मऊ करून उचलायची, घासायची नाही, आणि त्याच दिवशी, उन्हात राहिली तर वॅक्सच्या खालचा क्लिअर कोटही खाते. डांबरावर डांबर काढायचं द्रव्य कापडाला लावून फक्त तेवढ्या ठिपक्यावर फिरवायचं. तिथलं वॅक्स जाईल, जाऊ दे, तेवढ्या चार बोटं जागेवर नंतर परत लावा. दोन ठिपक्यांसाठी अख्ख्या गाडीला कडक साबण लावला तर अख्ख्या गाडीचं वॅक्स जातं.

वॅक्स आहे का गेलं हे कसं ओळखायचं तेही बघा, कारण थेंब दिसत नाहीत म्हणजे वॅक्स गेलंच असं नाही. धुळीचा किंवा क्षाराचा पातळ थर वर बसला की थेंब पडायचे थांबतात, खाली वॅक्स तसंच असतं. आधी चांगलं धुवा, भरपूर खळखळा, पूर्ण वाळवा आणि मग स्वच्छ पाणी शिंपडून बघा. दरवाज्यांच्या वरच्या भागावर थेंब पडतायत आणि बॉनेट-छतावर नाहीत असं दिसलं तर ऊन आणि उष्णता हे कारण, शाम्पू नाही. सगळीकडंच एकदम गेलंय आणि गेल्या काही धुलायांत साबण बदललाय, तर साबणाकडं बघा. शंका असेल तर बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेप लावा, दोन्ही बाजूंना एकच वॅक्स करा, टेप काढा, आणि पुढचा महिनाभर डावी बाजू जुन्या साबणानं आणि उजवी नव्यानं धुवा. ऊन, पाऊस, धूळ दोन्हीकडं सारखीच, त्यामुळं फरक पडला तर तो साबणाचाच.

कडक शाम्पूची खरी गरज एकदाच येते, नवीन वॅक्स लावायच्या आधी जुनं काढायला. तेव्हा स्ट्रिप वॉश घ्या, आणि पांढऱ्या गाडीवर नारिंगी बारीक ठिपके दिसत असतील, रेल्वे लायनीजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर हमखास दिसतात, तर आयर्न रिमूव्हर म्हणजे पेंटवर बसलेले लोखंडाचे कण काढायचं द्रव्यही त्याच दिवशी मारा, कारण परत वॅक्स लावायचंच आहे. ती बाटली रोजच्या शाम्पूच्या शेजारी ठेवू नका, वेगळ्या कपाटात ठेवा आणि वर मोठ्या अक्षरात मराठीत "वॅक्स काढायचा, रोज नाही" असं मार्करनं लिहा, म्हणजे तुम्ही घरात नसताना कुणी भलतीच बाटली दादांच्या हातात देणार नाही.